दोन काळ्या सत्त्या

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. छापून आलेल्या कागदांचा गठ्ठा उचलायचा, एका कोपऱ्याला पीळ देऊन त्याचा पंखा करायचा आणि अंगठ्याने पाच-पाच कागद सोडत मोजत जायचं, हे तिचं काम. ती पाचशे म्हणाली की पाचशेच. एकदा मालकाने गंमत म्हणून गठ्ठ्यातला एक कागद काढून घेतला, तर बाईने गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चारशे नव्याण्णव आहेत. एक तुमच्या खिशात बघा." खिशातच होता की हो! तेव्हापासून मालक तिच्याशी गंमत करायच्या भानगडीत पडला नाही.

आता अशा बाईच्या हाती पत्ते दिल्यावर काय होणार? बावन्न पानं म्हणजे तिच्या लेखी चिमूटभर. कुठलं पडलं, कुठलं राहिलं, कोण कुठल्या रंगातून मोकळं झालं, सगळं तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जायचं. आणि ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती बरं का. वडील चार भावांना घेऊन खेळायला बसायचे, आणि ही पाण्याचा तांब्या धरून पाठीमागे उभी. "तुला काय करायचंय पत्त्यांचं?" हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की बावन्नाव्या वर्षीसुद्धा ते आठवलं की तिची कानशिलं तापायची.

कारखान्यात रोज दुपारी एक ते दोन डाव पडायचा, अकरा वर्षं झाली. डबे आटोपले की शिलाईच्या टेबलावरचे घडी घातलेल्या कागदांचे फर्मे बाजूला सारायचे आणि चौघं बसायची. तिच्या समोर तिची भिडू, म्हणजे तिची धाकटी जाऊ, जी पुस्तकांच्या पाठीला सरस लावायची. डाव्या हाताला टेम्पोवाला. उजव्या हाताला कटिंगवाले काका. तेरा-तेरा पानं वाटायची, एक रंग हुकूम, समोरासमोरची जोडी, सात हात ज्यांनी आधी केले ते जिंकले. तुम्हीही खेळला असाल, सगळेच खेळतात.

पण खेळ म्हणावा तर तो काही खेळ नव्हता. जाऊ पानं उचलता उचलताच सांगून टाकायची, "जाऊबाई, माझ्याकडे एक्का नाही हो, माझ्या भरवशावर राहू नका!" टेम्पोवाला मान लांब करून शेजाऱ्याच्या हातात बघायचा आणि पकडलं की म्हणायचा, "मी कुठं बघतोय, मान अवघडलीये." मधेच कुणाला चहा आठवायचा, मग जाणारा-येणारा एखादा दोन हात खेळून जायचा. कुणी जिंकलं हे दोन वाजून पाच मिनिटांनी कुणाच्या लक्षात नसायचं. मोजणीबाईच्या असायचं.

आणि एक गोष्ट होती, ती त्या टेबलाबाहेर कुणाला माहीत नव्हती. काकांना किलवर आणि इस्पिक यातला फरक दिसायचा नाही. तसे डोळे तल्लख; कटिंगच्या मशिनवर रेघ केसभर सरकली तरी ओरडतील. पण दोन काळे रंग शेजारी आले की गोंधळ. किलवरची उतारी असायची आणि काका बिनधास्त इस्पिक टाकायचे. त्यांना कुणी काही म्हणायचं नाही. त्यांच्यानंतर पाळी मोजणीबाईची. ती दोन बोटांनी ते पान हळूच त्यांच्याकडे परत सरकवायची, काका ते उचलून दुसरं टाकायचे आणि डाव पुढे चालू. शब्द नाही, टोमणा नाही, डोळा वर करून बघणंसुद्धा नाही. अकरा वर्षांत हे किती वेळा झालं असेल, ते मात्र मोजणीबाईलाही सांगता आलं नसतं.

मग चौकातल्या पत्त्यांच्या क्लबाबाहेर तो कागद लागला. खुली स्पर्धा, जोडीने नाव नोंदवा, जिंकणारी जोडी वर्षभर क्लबाच्या संघातून खेळणार. बाईने तो कागद उभ्या-उभ्या तीनदा वाचला. तिला संघात जागा हवी होती. कशासाठी, असं विचाराल तर करंडकासाठी नाही आणि मिरवायलाही नाही. आपल्याला एक गोष्ट येते, खरोखर येते, आणि हे आयुष्यात एकदा तरी कुणीतरी लिहून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"आपण दोघी जातोय," तिने जावेला सांगितलं.

"कुठं?"

"स्पर्धेला. चार महिने आहेत. आजपासून दुपारी नियमाने खेळायचं."

जाऊ हसली. बाई हसली नाही. मग जावेनेही हसू आवरलं, कारण मोठ्या जावेचा तो चेहरा ती लग्न झाल्यापासून ओळखत होती.

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर जणू परीक्षा सुरू झाली. खेळताना बोलायचं नाही. आपल्या पानांबद्दल खूण करायची नाही. टेबलाला लागलेलं पान परत नाही, रंग चुकला असेल तरच बदलता येईल. रंग हातात असताना भलतंच पान टाकलं आणि पुढच्याने आपलं पान खेळून टाकलं, की ती चूक पक्की, आणि त्याला दोन हात दंड. बाईने क्लबातून नियमांचं पत्रक आणून भिंतीला डकवलं. एकाच रंगाची दोन पानं उरली की लहान आधी, मोठं मागे, हे तिने जावेकडून इतकं घोटून घेतलं की बिचारी घरी भांडी लावतानाही लहान आधी लावायला लागली. टेम्पोवाला दोन दिवस गप्प बसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला घुसमटल्यासारखं होतंय," पण आला.

पाचव्या की सहाव्या दिवशी किलवरच्या उतारीवर काकांनी इस्पिकची राणी टाकली.

बाईचा हात उठला. तिने तो आवळून मांडीवर ठेवला, आपलं पान खेळली, आणि म्हणाली, "काका, दोन हात दंड."

काकांना आधी कळेचना. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "इस्पिक आहे होय," म्हणाले. मग दंड दिला, डाव संपेपर्यंत बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून आपला डबा घेऊन कटिंगच्या मशिनपाशी जेवायला लागले. कुणी बोलवलं तर म्हणायचे, "पाती लावायचीत." रोज कसली पाती लावतात हो! त्यांच्या जागी वॉचमन बसायला लागला. तो मुळातच अबोल. बाईच्या दृष्टीने हे बरंच झालं, असं तिने स्वतःला सांगितलं. जाऊ एकदा म्हणाली, "जाऊबाई, काकांना बोलवा ना." तर बाई म्हणाली, "स्पर्धा झाल्यावर." तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, चांगलंच वाटत होतं. पण तिला जिंकायचं होतं.

स्पर्धा एका रविवारी सकाळी नऊला सुरू झाली. क्लबाच्या दिवाणखान्यात हिरव्या कापडाची आठ टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक पंच, आणि पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. जावेच्या तोंडाला कुलूप. पहिली जोडी दोघींनी सहज हरवली. दुसरी जोडी तरुण पोरांची, भलतीच हुशारी दाखवणारी. त्यांच्या नाकी नऊ आणले. तिसऱ्या फेरीनंतर लोक टेबलाभोवती जमायला लागले. "बाइंडिंगवाल्या बायका" असं कुणीतरी कुजबुजलं, आणि त्यात हेटाळणी नव्हती. जेवणाच्या सुट्टीनंतर अंतिम सामना.

समोर क्लबाची जुनी जोडी. नऊ वर्षं संघात ठाण मांडून बसलेले वकीलसाहेब, आणि त्यांच्या भिडू बँकवाल्या मॅडम. वकीलसाहेब बसले ते नेमके बाईच्या उजव्या हाताला. जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा सदरा, पानं धरायची पद्धत अशी की हवेलासुद्धा दिसू नयेत. पहिला डाव त्यांचा, दुसरा ह्या दोघींचा. तिसऱ्यावर निकाल.

तिसऱ्या डावात अकरा हात झाले तेव्हा पाच ह्यांचे होते आणि सहा त्यांचे. प्रत्येकाच्या हाती दोन-दोन पानं. हुकूम सगळे पडून गेलेले. उतारी जावेची. उरलेले दोन्ही हात ह्या दोघींना हवे होते, एकही गेला की खेळ खलास.

बाईच्या हाती चौकटची तिर्री आणि पंजी, म्हणजे कचरा. पण डोक्यात लख्ख उजेड होता. काळी पानं उरली होती चार: किलवरची राणी आणि सत्ती, इस्पिकची सत्ती आणि छक्की. मॅडम दोन्ही काळ्या रंगांतून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. म्हणजे ती चारही पानं जावेकडे आणि वकीलसाहेबांकडे. जावेने किलवरची राणी टाकली. लहान आधी, मोठं मागे. त्याअर्थी किलवरची सत्ती जावेकडे नाही, वकिलाकडे आहे. हा हात राणीचा, सहा-सहा होणार. राहिला शेवटचा. जावेकडे इस्पिकची सत्ती असेल तर जिंकलो. छक्की असेल तर वकिलाची सत्ती ती खाणार, एका ठिपक्याने गेलो. सगळं त्या एका पानावर आलं होतं.

वकीलसाहेबांच्या हाती दोन काळी पानं होती. त्यांनी त्यातलं एक ओढलं आणि राणीवर टाकलं.

इस्पिकची सत्ती.

आणि बाईची दोन बोटं पुढे गेली, त्या बोटांनी ते पान हिरव्या कापडावरून हळूच वकीलसाहेबांकडे सरकवलं, आणि बोटं मागे आली. शब्द नाही, डोळा वर नाही.

मग तिला कळलं आपण काय केलं ते.

काही करायचं नव्हतं हो तिला! फक्त आपली तिर्री टाकायची होती. चूक पक्की झाली असती. वकिलाच्या हातात नुसती किलवरची सत्ती उरली असती, जावेची इस्पिकची छक्की आरामात जिंकली असती, वर दंडाचे दोन हात मिळाले असते ते वेगळेच.

वकीलसाहेबांनी पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं. त्यांचे कान लाल झाले. पंच म्हणाला, "पुढचं पान पडायच्या आधी चूक दाखवली गेली आहे. पान बदलता येईल." त्यांनी किलवरची सत्ती टाकली. राणीचा हात झाला. जावेने छक्की टाकली, वकीलसाहेबांनी इस्पिकची सत्ती. संपलं.

आणि टाळ्या सुरू झाल्या. विजेत्यांसाठी नव्हत्या, तिच्यासाठी होत्या. मागच्या रांगेतले उठून उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "असा मोठेपणा हल्ली बघायला मिळत नाही." क्लबाचे चिटणीस लगबगीने पुढे आले, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही सामना हरलात, पण मनं जिंकलीत. आमच्या संघाला एक राखीव जोडी लागते. यंदा तुम्ही दोघी. तुमच्यासारखी माणसं क्लबाला हवीत."

संघात जागा. चार महिने जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती समोर आली होती, नुसतं "हो" म्हणायचं होतं. बाईने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे कटिंगच्या मशिनपाशी पाठ करून जेवणारे काका आले. तिला स्वतःचा इतका राग आला की तिचा आवाज चिरकला.

"मोठेपणा कसला? मी ते पान मोठ्या मनाने नाही सरकवलं. हाताला सवय आहे, हाताने सरकवलं. डोक्याला आधी कळलं असतं ना, तर मी गुपचूप माझं पान टाकलं असतं आणि जिंकले असते. जिंकायलाच आले होते मी."

टाळ्या विरल्या. चिटणीस कसंनुसं हसले. "तरीसुद्धा..."

"तरीसुद्धा नको. आमच्याकडे एक काका आहेत, त्यांना दोन काळे रंग वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांचं पान सरकवायची सवय. आणि ह्या स्पर्धेपायी मी त्यांचंच सरकवायचं सोडलं, त्यांना दंड केला. आता ह्याची टाळी मी कुठल्या तोंडाने घेऊ? मला घ्यायचं तर माझा खेळ बघून घ्या. सकाळपासून खेळतेय. बघितला का तुम्ही?"

चिटणीसांनी बघितला नव्हता. ते बक्षिसांची व्यवस्था बघत होते.

"मी बघितला," वकीलसाहेब म्हणाले. इतका वेळ ते टाळीही न वाजवता बसले होते. "नऊ वर्षांत माझ्या डाव्या हाताला इतकं कठीण कुणी बसलं नव्हतं. आज मी जिंकलो म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण जोडी निवडणं माझ्या हाती नाही."

"मग समितीपुढे ठेवू," चिटणीस म्हणाले, आणि ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून काय समजायचं ते सगळे समजले.

"ठेवू नका," बाई म्हणाली. "पुढच्या वर्षीचा अर्ज द्या."

"अहो, त्याला अजून आठ महिने आहेत."

"असू देत. आत्ता द्या."

बाहेर ऊन होतं. दोघी चालायला लागल्या. मग बाईने विचारलं, "रागावलीस? जागा तुझीही होती. मी तुला न विचारता घालवली."

"रागावलेय," जाऊ म्हणाली. "जागेचं नाही हो. चार महिने मी शिंकतानासुद्धा तोंडावर हात धरलाय! पुढच्या वर्षी येईन तुमच्याबरोबर, हरलो ते मलाही झोंबलंय. पण दुपारी नियम नाही. दुपारी मी बोलणार. सरावच करायचा तर संध्याकाळी माझ्या घरी या, तिथं हवं तेवढं घोटून घ्या."

"बरं."

"आणि काकांना तुम्ही बोलवायचं. मी नाही."

दुसऱ्या दिवशी एक वाजता बाईने भिंतीवरचं पत्रक उतरवलं, घडी घालून पिशवीत टाकलं, आणि कटिंगच्या मशिनपाशी गेली. काका डबा उघडत होते. तिने सगळं सांगितलं, पहिल्या फेरीपासून शेवटच्या सत्तीपर्यंत, काही लपवलं नाही. काका जेवत ऐकत होते.

"खरं सांग," ते म्हणाले. "आधी लक्षात आलं असतं तर त्या वकिलाचं पान सरकवलं असतंस?"

"नाही."

"आणि माझं? त्या दिवशी तर लक्षात आलं होतं तुझ्या. हात उचललेला बघितला मी."

कागद मोजणारी बोटं बाईने पदराच्या टोकात गुंडाळली. "चुकलं माझं काका," ती म्हणाली. "दंडापेक्षा, तुम्ही उठून गेलात आणि मी हाक मारली नाही, ते जास्त चुकलं. मला फक्त जिंकायचं दिसत होतं. अजूनही जिंकायचंय. पुढच्या वर्षी परत जाणार आहे मी. पण दुपारी तुम्ही नसलात तर त्या टेबलावर मला बसवत नाही."

काकांनी घास संपवला, वर पाणी घेतलं, डब्याचं झाकण लावलं. वेळ लावला त्यांनी, मुद्दामच लावला. टेबलाकडून जावेचं बोलणं ऐकू येत होतं, ती टेम्पोवाल्याला आपल्याकडे किती एक्के आहेत ते सांगत होती.

"त्या वकिलाला सांग, डोळे तपासून घे म्हणावं," काका उठत म्हणाले. "आणि हे बघ, इथं माझं पान सरकवायचं. रोज. पण तिकडे कुणाचं सरकवलंस, तर माझ्याशी गाठ आहे. हरून आलेली चालणार नाही मला."

"नाही सरकवणार," मोजणीबाई म्हणाली.